नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीत एका घरी गावठी कुत्र्याचं पिल्लू आलं. मादी, तांबूस रंगाची, आणि झोपली की स्वतःला अशी गुंडाळून घ्यायची की नाक कुठलं आणि शेपूट कुठली ते कळू नये. फराळाचे दिवस होते. घरातल्या आठ वर्षांच्या मुलीनं तिचं नाव ठेवलं चकली. पंधरा दिवसांत या नावावरून सोसायटीत जी जुंपली तशी पाणीपट्टीवरूनही कधी जुंपली नव्हती. एका काकांचं म्हणणं, ही मुक्या जिवाची थट्टा आहे. एका काकूंना सणाच्या पदार्थाचं नाव कुत्रीला दिलेलं रुचलं नाही. तिसऱ्यानं विषय पुढं ओढला: चकली तरी परवडली, मागच्या इमारतीतल्या बोक्याला बंडोपंत म्हणतात, हा माणसाचा अपमान नव्हे काय? चौथ्याचं मत असं की निदान ही नावं मराठी तरी आहेत. ब्रुनो आणि कोको ठेवणाऱ्यांना आधी जाब विचारा.

या चौघांपैकी एकानंही चकलीकडे नीट पाहिलं नव्हतं, हे मला त्या वादात सगळ्यात जास्त खटकलं. प्रत्येक जण नावाचं कूळ तपासत होता: माणसाचं की पदार्थाचं, देवाचं की सिनेमातलं, मराठी की इंग्रजी. नाव ठेवताना ठेवणाऱ्याची नजर कुणावर होती, हा खरा प्रश्न. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांच्यामध्ये फक्त एक अनुस्वार आहे. एकानं आपण जीव जवळ घेतो, दुसऱ्यानं माणसाला खाली पाडतो. माझी भूमिका अशी की त्या प्राण्याकडे बघून सुचलेलं नाव कितीही विचित्र असो, ऐकणाऱ्याला कितीही हसू येवो, ते चांगलंच. आणि तिसऱ्याच कुणाला डिवचण्यासाठी कुत्र्यामांजराच्या गळ्यात बांधलेलं नाव कितीही गोंडस असलं तरी वाईटच.

बघून नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. यमाच्या दारात दोन कुत्रे पहारा करतात, असं वैदिक वाङ्मय सांगतं. ते सरमा नावाच्या देवशुनीचे, म्हणजे देवांच्या कुत्रीचे वंशज, म्हणून सारमेय. त्यांची नावं श्याम आणि शबल. साध्या मराठीत सांगायचं तर काळ्या आणि कबऱ्या. मृत्यूच्या दारावरच्या पहारेकऱ्यांना कुणी भीषण, उग्र नावं दिली असती तर नवल नव्हतं; पण ज्यानं ती ठेवली त्यानं कातडीचा रंग पाहिला आणि जे दिसलं ते म्हटलं. आजही कुठल्याही वस्तीवर जा, काळ्या आणि कबऱ्या भेटतातच. गोठ्यात तांबू, कपिला, ढवळी, चांदी, नांगराला ढवळ्या-पवळ्या, अंगणात टिप्या, चुलीजवळ मनी. ही नावं आज सवयीची झाल्यामुळं आपल्याला त्यांतली गंमत दिसत नाही. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हणून एखाद्या वासराला पहिल्यांदा 'चांदी' म्हणणाऱ्या बाईनं चकलीवालीहून वेगळं काय केलं होतं? माझ्या घरच्या बोक्याचं अंग काळं कुळकुळीत आणि गळ्यापाशी दोन पांढऱ्या पट्ट्या आहेत. त्याला वकील म्हणायचं आम्ही कुणी ठरवलं नाही. तो खिडकीतून पहिल्यांदा आत आला तेव्हाच ते नाव त्याच्या अंगावर होतं.

आता माणसाच्या नावाचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त राग तिथं आहे. प्राण्याला माणसाचं नाव देऊ नये असं म्हणणाऱ्या किती जणांच्या घरी टॉमी होता? टॉमी म्हणजे थॉमस. जॉनी, जॅकी, रोझी, लिली, रॉबिन ही सगळी माणसांची नावं आहेत आणि ती वसईत, गोव्यात, पुण्याच्या कॅम्पात, मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्या घरांत नांदतात. दोन-तीन पिढ्या आपण 'जॉनी, भाकरी खा' म्हणत आलो आणि शेजारच्या जॉनीला काय वाटत असेल असा विचार आपल्या मनाला शिवला नाही. तेव्हा हळव्या न झालेल्या भावना आज बंडोपंतापाशी एकदम हळव्या होतात, याचा अर्थ आक्षेप माणसाच्या नावाला नाही. आपल्या माणसाच्या नावाला आहे. हे एकदा मान्य केलं की बोलणं तरी प्रामाणिक होईल.

आणि आपली मराठी नावं तरी एवढी वेगळी कुठं राहिली आहेत? राजा, राणी, सोन्या, मोती, बाळ्या ही नावं कुत्र्याला, बैलाला आणि पोटच्या पोराला सारखीच लागतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचं स्मारक दाखवतात. त्याचं नाव खंड्या. खंडू, खंडेराव ही गावोगावच्या माणसांची नावं आणि मूळ तर जेजुरीच्या देवाचं. रायगडावरच्या वाघ्याचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९३६ साली उभ्या राहिलेल्या त्या स्मारकासाठी इंदूरच्या होळकरांनी देणगी दिली. २०१२ मध्ये तो पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये पुन्हा वाद पेटला. असा कुत्रा इतिहासात होता याला पुरावा काय, हा एका बाजूचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. इतिहासाला पुरावा मागावाच. पण एवढ्या रणधुमाळीत वाघ्या या नावावर कुणीही बोट ठेवलं नाही. वाघ्या म्हणजे खंडोबाला वाहिलेला भक्त, देवाचा कुत्रा होऊन कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षेच्या पात्रातलं खाणारा. म्हणजे तिथं माणूसच आपण होऊन कुत्र्याची जागा घेतो आणि त्यात धन्यता मानतो. ज्या संस्कृतीत हे घडतं तिथं माणूस आणि कुत्रा यांच्या नावांत सोवळंओवळं कुठून आलं?

ते आलं प्राण्यांच्या उतरंडीतून. गाईला गंगा म्हटलं की पुण्य, कुत्रीला गंगा म्हटलं की भांडण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची हत्तीण महादेवी. तिला माधुरी असंही म्हणत. २०२५ च्या जुलैत ती गुजरातला नेली गेली तेव्हा शिरोळ तालुका रडला आणि तिच्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. देवीचं नाव एका जनावराला कसं, असं तेव्हा कुणी विचारलं नाही, विचारणंही चूक ठरलं असतं. मग देवीच्या नावाची हत्तीण चालते आणि मांजर चालत नाही, तेव्हा आपण देवीचा मान राखत असतो की कुत्र्यामांजराची पायरी दाखवत असतो? 'कुत्रं हाल खाणार नाही' म्हणणाऱ्या भाषेत ही पायरी खोल रुतलेली आहे. वाद घालायचा तर तो त्या पायरीबद्दल घालावा.

इथवर माझी बाजू सोपी होती. यापुढं विरोधकांचं जे खरं आहे ते मला टाळता येणार नाही, आणि टाळायचंही नाही. आपल्या समाजात नाव हे नुसतं हाक मारायचं साधन कधीच नव्हतं, ते पायरी दाखवायचं साधन होतं. एकच नाव वाड्यात रामराव व्हायचं आणि गावकुसाबाहेर राम्या. कुणाच्या नावामागं 'पंत' लागेल आणि कुणाच्या नावाला 'या' चिकटेल, हे जात ठरवायची. ज्यांच्या आज्यापणज्यांनी हा 'या' जन्मभर सोसला, त्यांच्यापैकी कुणी म्हणालं की कुत्र्याला आमच्या माणसाचं नाव दिलेलं मला हसण्यावारी नेता येत नाही, तर त्याला 'विनोद कळत नाही' म्हणायचा अधिकार मला नाही. कुत्र्याचं नाव हत्यार म्हणून वापरलं जातं, हे खरं आहे. भांडलेल्या भावाचं, सोडून गेलेल्या मित्राचं, न आवडणाऱ्या पुढाऱ्याचं, कधी एका आख्ख्या जमातीला चिडवायला वापरलेलं नाव कुत्र्याला देणारी माणसं मी पाहिली आहेत. भरल्या रस्त्यात मोठ्यानं हाक मारायची आणि आजूबाजूला कोण ऐकतंय ते बघायचं. त्या हाकेत कुत्रा कुठंच नसतो. त्या बिचाऱ्याला दिवसातून वीस वेळा दुसऱ्याच्या वैराचा निरोप्या व्हावं लागतं.

पण याच मुद्द्यातून उत्तरही निघतं. आपल्याकडे मुलांची दोन प्रकारची कुरूप नावं असायची. पोरं जगत नाहीत म्हणून वाचलेल्याचं नाव दगडू, धोंडू, कचरू ठेवायचे. मृत्यूची नजर पडू नये, दृष्ट लागू नये म्हणून. आणि मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव नकुशी. शब्दकोशात बघाल तर कचरू आणि नकुशी दोन्ही सारखीच हीन. पण एकामागं हातचं जाऊ नये म्हणून कासावीस झालेली आई आहे, दुसऱ्यामागं दारातूनच परत लावणं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ नकुशींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली ती याचसाठी. त्या मुलींना शाळेच्या हजेरीपटावर रोज तो नकार ऐकावा लागत होता. माणसाच्या नावाबाबतही जर आपण शब्दापेक्षा शब्दामागची नजर मोजतो, तर प्राण्याच्या नावाला वेगळा काटा का?

हा काटा सोडून शब्दांचेच खटले चालवायला लागलं की काय होतं, त्याचीही उदाहरणं आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत त्रिपुरातून सिलिगुडीला आणलेल्या सिंहाचं नाव अकबर आणि सिंहिणीचं सीता निघालं. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयाच्या जलपायगुडी खंडपीठापुढं गेलं, न्यायालयानं नावं बदलण्याचा विचार करा असं सुचवलं, आणि त्रिपुरात एका वरिष्ठ वनाधिकाऱ्याला निलंबित व्हावं लागलं. सरकारी प्राणिसंग्रहालयानं सगळ्यांना चालतील अशी नावं ठेवावीत हे मला पटतं. ते प्राणी सगळ्यांचे आहेत. पण त्यापायी एखाद्याची नोकरी धोक्यात येते तेव्हा मोजमाप बिघडलेलं असतं. त्याआधी २०२३ मध्ये राहुल गांधींनी गोव्याहून आपल्या आईसाठी एक पिल्लू नेलं, नाव नूरी. त्या नावानं धर्मभावना दुखावल्याची तक्रार थेट उत्तर प्रदेशात झाली. नूर म्हणजे प्रकाश. त्या पिल्लाकडे बघून कुणाला उजेड आठवला असेल, तर त्यात दुखावण्यासारखं काय आहे?

याहून जुनी गोष्ट फिनलंडची आहे. तिथल्या औषधांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जॅकी नावाचा कुत्रा होता, आणि 'हिटलर' म्हटलं की तो पुढचा पंजा वर करायचा. १९४१ साली, रशियावरच्या स्वारीची तयारी चालू असताना, जर्मनीच्या परराष्ट्र खात्यानं या कुत्र्याची चौकशी लावली, साक्षी गोळा केल्या, व्यापाऱ्याला जाब विचारला. कुणी म्हणेल, ही तर हेतूनं केलेली टवाळीच होती, तुमच्याच काट्यावर ती वाईट ठरते. मी म्हणेन, नाही. फरक करावा लागतो. वरच्याला उद्देशून केलेली टवाळी आणि खालच्याला दाबणारी टवाळी एका मापानं मोजता येत नाहीत. राज्यकर्त्याच्या अंगावर कुत्र्याच्या पंजानं ओरखडा उमटत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या काळजावर मात्र एका 'या'नं उमटत आला आहे. तरीही मला स्वतःला पुढाऱ्यांची नावं कुत्र्यांना दिलेली आवडत नाहीत. सत्ता बदलते, कुत्रा बारा-चौदा वर्षं तेच नाव वागवतो.

आता त्या काकांचा मुद्दा, मुक्या जिवाच्या थट्टेचा. मला तो मनापासून मोलाचा वाटतो, कारण त्यात प्राण्याची बाजू घेतलेली आहे. २०१९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरं आपलं नाव त्याच लांबीच्या इतर शब्दांतून वेगळं ओळखतात, अनोळखी माणसानं उच्चारलं तरी. म्हणजे वकिलाला त्याचं नाव कळतं. वकिली कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो नाद, सूर, आणि त्या हाकेनंतर ताटली येते की चप्पल, हा अनुभव. त्यामुळं नावाच्या अर्थानं त्याचा पाणउतारा होत नाही. पण काकांची भीती दुसऱ्या वाटेनं खरी ठरू शकते: गमतीचं नाव ठेवणारा त्या प्राण्यालाच गंमत समजायला लागतो. व्हिडिओसाठी पिल्लू आणायचं, मोमो किंवा पाणीपुरी म्हणायचं, आणि अंगानं वाढून ते सोफा कुरतडायला लागलं की रात्री गाडीतून दूरच्या रस्त्यावर सोडायचं. असं घडतं. पण असे सोडलेले रॉकी आणि शेरूही कमी नाहीत. सोडणाऱ्याला कुठलंच नाव अडवत नाही, आणि ज्याला सांभाळायचं आहे त्याचा हात चकली या नावानं सैल पडत नाही.

उलट नावाचा परिणाम होतो तो नाव ऐकणाऱ्या माणसांवर, आणि इथं हसरी नावं मोठं काम करतात. लिफ्टमध्ये कुत्र्यासोबतचा माणूस 'किलर, बस' म्हणाला की आई पोराला मागं ओढते. तोच कुत्रा, तेच दात, पण 'लाडू, बस' म्हटलं की पोर विचारतं, हात लावू का? कुत्र्यावरून ज्या शहरांत शेजाऱ्यांचे संबंध तुटतात, तक्रारी पोलिसांपर्यंत जातात, तिथं हा फरक लहान नाही. पशुवैद्याकडे लसीच्या पुस्तिकेवर प्राण्याच्या नावापुढं घरचं आडनाव लिहितात. प्रतीक्षेच्या बाकावर बसून 'जिलेबी देशपांडे', 'ठेचा शेख', 'बटर डिसोझा' अशा हाका ऐकल्या की अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसतात आणि बोलायला लागतात. माझ्या शहरात अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत.

नाव आणि आस्था यांचं नातं ताडोबात आणखी स्पष्ट दिसतं. वनखात्याच्या नोंदीत टी-१२ असलेली वाघीण लोकांसाठी माया होती. मटकासुर, गब्बर अशी तिथल्या नर वाघांची नावंही गाइडांनी आणि लोकांनी ठेवलेली, रांगडी, खट्याळ. वन्यजीव अभ्यासकांचा याला आक्षेप आहे आणि तो बिनतोड आहे: नावानं रानातला वाघ घरचा वाटायला लागतो, एका लाडक्यासाठी गर्दी होते आणि बाकीचे दुर्लक्षित राहतात. तरीही उमरेड-कऱ्हांडल्याचा जय एप्रिल २०१६ मध्ये दिसेनासा झाला तेव्हा आख्ख्या विदर्भानं 'जय कुठं आहे' असं विचारलं आणि सरकारला उत्तरं द्यावी लागली. नुसत्या क्रमांकासाठी एवढं कोण विचारतं? रानातल्या वाघाला नाव असावं की नसावं यावर मी अभ्यासकांचं ऐकेन. पण आपल्या पायाशी जगणाऱ्या प्राण्याबाबत हा आक्षेप लागू पडत नाही. त्याला तर घरचाच वाटावा म्हणून आणलेला असतो.

भाषेच्या अभिमानाबद्दल थोडक्यात. राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांची नावं डोनाल्ड, डेझी, पोपाय, ऑलिव्ह अशी. पुढं इथं जन्मलेल्या पिल्लांना तरी मराठी नावं द्या, अशी मागणी २०२५ मध्ये झाली. मला मराठी नावं हवीच आहेत, पण सक्तीनं ठेवलेल्या नावात भाषा जगत नाही. मराठीची ताकद तिच्या बघण्यात आहे: कबरा, बांडा, भुरा, मोरा, तांबडा असे रंगांचे किती शब्द आपण जनावरांकडे बघून वापरतो! आज चकली, शंकरपाळी, ठेचा, वकील म्हणणारी पोरं नेमकी तीच नजर चालवत आहेत. ब्रुनोचा राग धरण्यापेक्षा त्यांच्यावर खूश होणं जास्त उपयोगाचं. फक्त नाव दोन-तीन अक्षरी असावं, हाकेत फुटावं, आणि 'बस', 'नको' या शब्दांशी गोंधळ होऊ नये. 'श्रीमंत बटाटेराव' बारशापुरतं ठीक. संध्याकाळपर्यंत त्याचा बट्या होतोच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली एक काळी कुत्री राहते. दोन वर्षं ती 'ती काळी' होती. सोसायटीनं महापालिकेला दिलेल्या अर्जात तिचा उल्लेख 'कोपऱ्यावरील भटकी कुत्री' असा होता आणि तिचा बंदोबस्त करावा अशी विनंती होती. मग इस्त्रीवाल्याच्या बायकोच्या लक्षात आलं की तिचं नाक आणि हनुवटी पांढरी आहे, तोंड डब्यात बुडवल्यासारखी. तिनं नाव ठेवलं पावडर. महिन्याभरात शाळेच्या रिक्षातली पोरं तिला पावडर म्हणायला लागली, मग भाजीवाली, मग अर्जावर सही करणारे दोघे जण. या जूनमध्ये नसबंदीसाठी गाडी आली. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे उचललेलं कुत्रं होतं तिथंच परत सोडावं लागतं, पण हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. चकलीच्या नावावर रागावलेल्या त्याच काकू गाडीपाशी उभ्या राहून विचारत होत्या, "पावडरला इथंच आणून सोडाल ना? नक्की?" चार-पाच दिवसांनी ती आली, कानाला खाच पाडलेली, पोटावर टाके. टपरीच्या मागं कुणीतरी जुनं गोणपाट दुमडून ठेवलं होतं.